24 मार्चच्या आधीची पावती

पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाला कोण, हे एका तारखेवर ठरलं होतं. 24 मार्च 2020 ला किंवा त्याआधी जो शहरात रस्त्यावर बसून, हातगाडीवर किंवा डोक्यावर पाटी घेऊन माल विकत होता, तो फेरीवाला. नंतर आलेला नाही. त्या तारखेला मी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराच्या हजेरीवर होतो. भाजीचा आणि माझा संबंध जेवणापुरता. तरी पुढे मी या योजनेतून 10,000 रुपयांचं कर्ज उचललं, आणि ज्या पावत्यांच्या जोरावर उचललं त्या माझ्या नव्हत्या. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बाजारांत मी दोनेक वर्षं काढली. चुका पुष्कळ केल्या. बहुतेक नवखेपणाच्या होत्या, त्यांचा दंड बाजाराने तिथल्या तिथे वसूल केला. या एका चुकीचा दंड मात्र दुसऱ्याच कुणी भरला, अजून भरते आहे.

टाळेबंदी लागली तेव्हा ठेकेदार फोनवर म्हणाला, बोलावलं की या. 29 मार्चला केंद्राने आदेश काढला की बंदच्या काळातला पगार कापायचा नाही. आम्ही तो आदेश मोबाइलवर एकमेकांना पाठवला, ठेकेदारालाही पाठवला. त्याने नमस्काराचे दोन हात परत पाठवले. 18 मेपासून सरकारने तो आदेशच मागे घेतला. तोवर मी मोटारसायकलच्या मागे दोन क्रेट बांधून गल्लीबोळांत भाजी विकायला लागलो होतो. त्या उन्हाळ्यात माझ्यासारखे किती उतरले याला सुमार नाही. रिक्षावाले, केशकर्तनालयातली पोरं, मंगल कार्यालयातले वाढपी. चौफुल्याची कलाकेंद्रं बंद पडली तसा तिथला एक ढोलकीवाला केडगावात लसूण घेऊन बसायला लागला. गिऱ्हाईक नसलं की त्याची बोटं रिकाम्या क्रेटवर वाजायची, आणि शेजारच्या बायका ओरडायच्या, "माणसं मरायला लागलीत आन् तू काय वाजवतुस?"

त्या पहिल्या उन्हाळ्याने मला फसवलं. एप्रिलमध्ये पुण्याचं मार्केट यार्ड बंद झालं. भीमाकाठच्या शेतकऱ्याच्या भेंडी-गवारीला वाट उरली नाही, आणि तो बांधावर येईल त्याला, म्हणेल त्या भावात माल देऊ लागला. इकडे गिऱ्हाईक तोंडाला रुमाल बांधून, घासाघीस न करता घ्यायचं. भाजीपेक्षा घरात परत शिरायची त्याला घाई. दौंडमध्ये तर मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांना लागण झाल्यावर लोक इतके धास्तावले की वरच्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून सोडायचे, पैसे तिच्यातच. कंपनीत महिन्याला पडायचं त्याहून जास्त सुटत होतं. मी घरात बोलायला लागलो, धंदा आपल्या रक्तातच आहे. एका बाजूला नाइलाजाने विकणारा, दुसऱ्या बाजूला भीतीने घेणारा, मधल्या फटीत मी. पावसाळा लागला, लोक बाहेर पडू लागले, फट बुजली. माझा भ्रम मात्र तसाच राहिला.

त्याच भ्रमात मी भविष्य निर्वाह निधीला हात घातला. साथीसाठी म्हणून खास सवलत निघाली होती: तीन महिन्यांचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, किंवा खात्यातल्या शिलकीच्या 75 टक्के, यांतलं जे कमी असेल ते काढा, परत भरायची गरज नाही. ठेकेदाराकडच्या माणसाचा फंड तो केवढा असणार! जो आला तो इलेक्ट्रॉनिक काटा, ताडपत्री आणि एका नव्या मोबाइलमध्ये गेला. मोबाइल मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं. शाळा त्याने जुन्यावरच केली.

हप्त्यांचीही तीच गत. रिझर्व्ह बँकेने 27 मार्चला हप्ते तीन महिने लांबवायची मुभा दिली, पुढे ती 31 ऑगस्टपर्यंत वाढली. गावात बातमी पोचली ती 'हप्ते माफ' अशी. माझी मोटारसायकल कर्जावर होती, बायकोच्या नावावर तिच्या गटातलं एक छोटं कर्ज होतं. ती म्हणाली, "चार पैसे येतायत तोवर भरून टाकू. बायकांनी चौकशी केलीय, व्याज थांबणार नाही." मी म्हणालो, "सरकारनं माफ केलेलं भरणारी तू कोण लागून गेलीस?" पुढे हिशेबाचा कागद आला तेव्हा मधल्या महिन्यांचं व्याज मुदलात जाऊन बसलं होतं आणि शेवटचा हप्ता पुढच्या वर्षात सरकला होता. बायको एका शब्दाने बोलली नाही. गटाची वही मात्र तेव्हापासून ती माझ्या हातात देत नाही.

आठवडे बाजार भरवायला 15 ऑक्टोबर 2020 पासून राज्यात परवानगी मिळाली. शिरूर, न्हावरा, केडगाव, यवत, दौंड. घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या काठाने आठवड्यातल्या बहुतेक वारी कुठे ना कुठे बाजार असतो. शिरूर-न्हावरा-चौफुला रस्ता धरायचा, पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका. आज या काठाला, उद्या त्या काठाला, असं फिरलं की आठवडा भरतो. मलाही वाटलं, गल्ल्या तुडवण्यापेक्षा हे बरं. गल्लीत विकणं वेगळं आणि बाजारात बसणं वेगळं, हे माझ्या गावीही नव्हतं. गल्लीत तुमची गाठ फक्त गिऱ्हाइकाशी. बाजारात गिऱ्हाईक नंतर येतं, आधी शेजारी.

एका बाजारात मी पहाटे पोचलो तर शिरायच्या तोंडाशीच चांगली ऐसपैस जागा मोकळी. जमिनीवर एक बारदान अंथरलेलं, चार कोपऱ्यांवर चार दगड. मी दगड बाजूला केले, बारदानाची घडी घातली आणि माझी ताडपत्री टाकली. शेजारचा बटाटेवाला म्हणाला, "पाव्हणं, ती जागा धरल्याली हाय." मी विचारलं, धरणारा कुठे आहे? तो गप्प. मग मी जे बोललो ते अजून आठवतं: "जागा काय कुणाच्या बापाची नाही. पावती सगळेच फाडतात."

दुपारी समजलं. ती जागा एका कांदा-लसूणवाल्याची. सप्टेंबरात तो कोरोनाने गेला होता. पुणे जिल्ह्यात पहिल्या लाटेचा तो सगळ्यात वाईट महिना. त्याची बायको घराबाहेर पडेपर्यंत जागा राहावी म्हणून आजूबाजूचे चौघे दर बाजारी ते बारदान टाकत होते. हे ऐकून माणसाने उठायला हवं होतं. मी उठलो नाही. आजचा दिवस काढू, असं म्हणालो, आणि पुढच्या बाजारी आणखी लवकर गेलो. दिवाळीच्या आधी ती बाई पाटी घेऊन आली तेव्हा मी दोन हात सरकलो. पण येणाऱ्याचं तोंड ज्या कोपऱ्याकडे होतं तो कोपरा माझ्याकडेच ठेवला. तिने काही म्हटलं नाही. बाजारात जागेचा कागद कुणाकडेच नसतो. जागा खरी ठरते ती शेजाऱ्यांच्या साक्षीवर, आणि तिचा सख्खा शेजारी आता मी होतो.

भावाच्या बाबतीतही असाच अडाणीपणा. पालेभाजीवाले सकाळी चढा भाव सांगतात, दुपारी थोडे उतरतात आणि ऊन कलल्यावर उरलासुरला माल पडेल भावात काढतात. ऊन कलेपर्यंत कुणी भाव तोडायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात, कारण संध्याकाळचा तोटा सकाळच्या भावात धरलेला असतो. मी भर दुपारी ओरडायला लागलो, "वीसची दहा, वीसची दहा!" गर्दी माझ्याकडे लोटली. तासाभरात माझा माल संपला, बाकीच्यांचा तसाच पडून राहिला, आणि शेवटी त्यांनाही माझ्याच भावावर यावं लागलं. घरी जाताना मी शीळ वाजवत होतो.

पुढच्या बाजारी दंड सुरू झाला. कुणी भांडलं नाही. मला सुटे पैसे मिळेनात. चहावाल्या पोराला माझ्याकडे यायला उशीर होऊ लागला. पाऊस आला तेव्हा माझ्या ताडपत्रीची दोरी धरायला शेजारचा हात पुढे आला नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे लघवीला जायचं तर माल कुणाच्या भरवशावर टाकायचा? भर बाजारात, सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत, एकट्या माणसाला हा प्रश्न किती मोठा असतो ते बसल्याशिवाय कळत नाही. सगळ्या ओळीत एकट्या मावशी म्हणाल्या, "जा लेका, मी बघते."

या मावशी भीमाकाठच्या एका गावातून यायच्या. साठी उलटलेली. घरची मेथी, शेपू, कोथिंबीर. ती पुरेशी नसली की लिलावात उचललेली गवार किंवा वांगी. पूर्वी पाटी घेऊन पॅसेंजरने दौंडला यायच्या. 22 मार्चच्या रात्रीपासून रेल्वेने प्रवासी गाड्या थांबवल्या, आणि पुढे ज्या सुरू झाल्या त्या आधी आरक्षणवाल्या. मेथीच्या पाटीला आरक्षण कोण देणार? मग पाच जणींत मिळून टेम्पो ठरवायचा, भाडं पाटीमागे मोजायचं.

त्यांच्या भांडवलाची व्यवस्था मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती थट्टा वाटली. बाजाराच्या दिवशी सकाळी एका माणसाकडून 900 रुपये घ्यायचे, संध्याकाळी त्याला 1,000 द्यायचे. कागद नाही, तारण नाही, जामीन नाही. आठवड्याला दोन बाजार धरले तर 200 रुपये, वर्षाला 10,400. म्हणजे स्वनिधी योजनेत जेवढं कर्ज मिळायचं त्याहून जास्त रक्कम मावशी वर्षाला नुसती व्याजात घालवत होत्या, आणि तीही 900 रुपयांच्या मुदलावर. योजनेतले दहा हजार त्यांच्या हातात पडते तर तो माणूस त्यांच्या आयुष्यातून उठला असता. हा हिशेब मी स्वतः, माझ्या नव्या मोबाइलवर, त्यांना करून दाखवला होता. म्हणजे मी जे केलं ते न कळून केलेलं नाही.

योजना 1 जून 2020 ला सुरू झाली होती. पहिलं कर्ज 10,000 चं, वर्षभरात फेडायचं, वेळेवर फेडलं तर व्याजात 7 टक्के अनुदान. मग पुढचं 20,000, त्यापुढचं 50,000. शहराच्या सर्वेक्षणात नाव नसलं तर नगरपरिषदेचं शिफारसपत्र चालायचं, आणि ते मिळवायला बाजारकराच्या जुन्या पावत्या हा एक पुरावा होता. खेड्यातून येऊन शहराच्या हद्दीत विकणाऱ्यांनाही योजना लागू होती. मावशी त्यात चपखल बसत होत्या. शिवाय त्यांच्याकडे पावत्या होत्या, ही विशेष गोष्ट. पाच-दहा रुपयांच्या त्या चिठोऱ्या बाजारात कुणी जपत नाही. त्यात कुणी तंबाखू बांधतं, कुणी मिरच्या. मावशींचे मालक हयात होते तेव्हा त्यांना सवय होती, घरी खुंटीला तारेचा आकडा टांगलेला, त्यात पावत्या ओवायच्या. वरच्या काही वाळवीने खाल्ल्या होत्या. टाळेबंदीच्या आधीच्या म्हणून जेवढ्या वाचता येत होत्या तेवढ्या त्यांनी माझ्या हवाली केल्या. "तुला लिवता येतं, भर माझा फारम."

फॉर्म ऑनलाइन भरायचा, आणि त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. मावशींचा नव्हता. सेवा केंद्रातल्या पोराने सांगितलं, आधी नंबर जोडून आणा, मग बघू. पावत्या माझ्या पिशवीतच राहिल्या. त्या रात्री मी त्या काढून पाहिल्या. प्रत्येकीवर अनुक्रमांक, तारीख, रक्कम, शिक्का. विकणाऱ्याचं नाव कुठेच नाही. आठवडे बाजाराच्या पावतीवर नाव नसतंच. जो बसला त्याने पैसे दिले, एवढंच ती सांगते.

पुढचं सोपं होतं. पावत्या माझ्या अर्जाला लागल्या. चौकशीत मी सांगितलं, कंपनी सुटल्यावर बसायचो, सुट्टीच्या दिवशी बसायचो, पूर्वीपासून. शिफारसपत्र मिळालं. कुठल्या शहरात, ते मुद्दाम लिहीत नाही. दिलेला कागद तपासणाऱ्याला त्यावर खोटं काही दिसण्यासारखं नव्हतं. पैसे 2021 च्या फेब्रुवारीत खात्यात आले.

मनाची समजूत मी कशी घातली तेही सांगतो, कारण अशी समजूत घालणारा मी एकटा नसणार. नोकरी माझी गेली होती, मुलं माझी शाळेतली, सरकारने नव्या फेरीवाल्यांना वाऱ्यावर सोडलं, हा अन्याय नाही का? अन्याय होताच. 24 मार्चनंतर ज्यांना रस्त्यावर यावं लागलं, त्यांच्यावरच साथीचा खरा घाव बसला होता, आणि त्यांच्यासाठी त्या योजनेत रकाना नव्हता. हे माझं मत आजही आहे. पण त्या अन्यायाची भरपाई मी सरकारकडून घेतली नाही, मावशींच्या खुंटीवरून घेतली. आणि मूळ गोष्ट पाहायची तर या पावत्यांची वेळच यायला नको होती. फेरीवाल्यांचा कायदा 2014 चा आहे. दर पाच वर्षांतून एकदा तरी सर्वेक्षण करावं आणि नोंद झालेल्या प्रत्येकाला विक्रीचं प्रमाणपत्र द्यावं, असं त्यात लिहिलं आहे. मावशींच्या नावाचं प्रमाणपत्र असतं तर माझ्यासारख्याच्या पिशवीत त्यांच्या पावत्या आल्याच नसत्या.

दोन महिन्यांनी मावशी नंबर जोडून आल्या. नातवाने शिरूरला नेऊन आणलं होतं. मी म्हणालो, "पावत्या कार्यालयात जमा केल्यात, बघू काय म्हणतात ते." नंतर विचारलं तेव्हा म्हणालो, हरवल्या असं सांगतायत. ऑक्टोबरपासूनच्या नव्या पावत्या त्यांच्या आकड्यात होत्या, पण त्यांवरची तारीख कामाची नव्हती.

त्या दहा हजारांत घरचे थोडे घालून मी जुना ॲपे टेम्पो घेतला, उरलेली रक्कम खासगी फायनान्सची. मावशी आणि त्यांच्या गावच्या बायका आता माझ्याच टेम्पोत यायला लागल्या. भाडं मी त्यांच्याकडूनही पाटीमागे घेत होतो. माझ्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोला मी सांगितलं होतं की कर्ज माझ्या नव्या धंद्यावर मिळालं.

टेम्पो जेमतेम दोन महिने पळाला. 14 एप्रिल 2021 च्या रात्रीपासून 'ब्रेक द चेन' लागलं, बाजार पुन्हा बंद, आणि लवकरच भाजी-किराण्याला सकाळी 7 ते 11 एवढीच वेळ उरली. लिलावातून माल आणून मांडेपर्यंत साडेआठ वाजायचे. पुढच्या अडीच तासांत जे जाईल ते जाईल, अकराला पोलिसांची शिट्टी. कोथिंबिरीला ही वेळ कशी पुरणार? राज्य सरकारने नोंदणीकृत फेरीवाल्यांना 1,500 रुपये जाहीर केले. नोंदणीकृत हा शब्द मावशींना मी वाचून दाखवला नाही. दुसऱ्या लाटेत पहिल्या लाटेसारखी फट नव्हतीच. पहिल्या उन्हाळ्यात लोकांकडे थोडी शिल्लक होती. या वेळी ती दवाखान्यात गेली होती. पाव किलोची गिऱ्हाइकं छटाकावर आली. उधारीच्या वहीत मी ज्यांची नावं लिहिली त्यांतल्या काहींच्या घरी नंतर वसुलीला जाण्याची सोय उरली नाही.

जूनमध्ये निर्बंध उठू लागले तेव्हा पेट्रोल शंभरीपार होतं आणि डिझेल त्याच्या मागोमाग चढत होतं. ऑगस्टमध्ये टोमॅटो कोसळला. किलोला दोन-तीन रुपयांना शेतकरी विकत होता, राज्यात ठिकठिकाणी रस्त्यावर ओतला गेला. मला वाटलं, स्वस्त आहे, भरून घ्यावा. टेम्पो गच्च भरला. ज्या मालाचा भाव पडतो तो सगळ्यांकडेच असतो, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. त्या बाजारात जिकडे नजर टाकाल तिकडे लाल ढीग. हमाली आणि डिझेलही सुटलं नाही. परत येताना एका गोठ्यावर गाडी लावली आणि म्हशींपुढे क्रेट उपडे केले.

मग एसटीचा संप आला. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला तो 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. शहरातल्या वाचकाला यात भाजीवाल्याचं काय गेलं असं वाटेल. खेड्याचा आठवडे बाजार एसटीने येणाऱ्या माणसांवर चालतो. आठवड्याचा बाजारहाट करायला जी म्हातारी माणसं, ज्या बायका यायच्या त्या आल्याच नाहीत. दुचाकीवर येणारा तरुण पाव किलो मिरची घेऊन परत जायचा. त्या हिवाळ्यात माझे तीन हप्ते थकले आणि फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली. भर बाजारातून, माल उतरवून. उतरवलेला माल बटाटेवाल्याने आणि त्या कांदेवाल्याच्या बायकोने आपल्या पालाखाली घेतला. मी त्यांना मागितलं नव्हतं.

स्वनिधीतही माझे उद्योग चालूच होते. डिजिटल व्यवहारांवर वर्षाला 1,200 रुपयांपर्यंत परतावा मिळायचा. मी क्यूआर कोड लावला, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी आणि मेहुणा एकमेकांना पैसे पाठवत बसायचो. त्याने मला पाठवायचे, मी त्याला परत. कागदावर माझ्याइतका धंदा त्या ओळीत कुणाचाच नसेल.

2022 च्या उन्हाळ्यात रांजणगावात पुन्हा माणसं घ्यायला लागले आणि मी ठेकेदाराकडे परत गेलो. दहा हजार फेडले, थोडे उशिराने. मग वीस हजारांसाठी संदेश आला. मी ते घेतले नाहीत. पश्चात्ताप म्हणून नाही, आता पगार सुरू झाला होता म्हणून. बाजार सोडायच्या आधी मावशींना सगळं सांगितलं. मेथीची जुडी बांधता बांधता त्यांनी ऐकलं.

"फेडलंस का?"

"फेडले."

"मंग बरं. माझ्या पावत्यांवरचं कर्ज बुडालं असतं तर लोकं काय म्हणली असती?"

त्या पावत्यांवर त्यांचं नाव नव्हतं, हे मी बोललो नाही. बाजाराच्या सकाळी बिनव्याजी 900 रुपये मी देत जाईन, असं म्हणालो. काही बाजार त्यांनी घेतलेही. मग माझी पाळी बदलली, एका सकाळी मी पोचलो नाही, आणि त्या पुन्हा त्याच माणसाकडे गेल्या. "तू चांगला हायेस," म्हणाल्या, "पण त्यो पावसातबी हितंच असतो." योजनेपेक्षा, बँकेपेक्षा आणि माझ्यापेक्षा त्या माणसाचं काय जास्त आहे ते मला त्या वाक्यातून कळलं. व्याज दिवसाला शंभर घेतो, पण न चुकता हजर असतो.

स्वनिधी योजनेला आता 31 मार्च 2030 पर्यंत मुदत मिळाली आहे. पहिलं कर्ज 15,000 चं झालं आहे, दुसरं 25,000 चं, आणि शहरालगतच्या मोठ्या गावांनाही ती टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहे. तेव्हा बाजारात बसणाऱ्या आयाबहिणींना आणि त्यांच्या शिकलेल्या पोरानातवंडांना माझं एवढंच सांगणं आहे. ज्या दिवशी बाजारकर द्याल त्या दिवशी पावतीवर तुमचं नाव लिहून मागा. वसुलीवाला कुरकुर करील, मागे रांग आहे म्हणेल, तरी लिहून घ्या. आणि ती पावती, अगदी ओळखीतला असला तरी, कुणाच्या पिशवीत ठेवायला देऊ नका. तिचा मोबाइलवर फोटो काढा आणि मूळ कागद घरात ठेवा. नगरपरिषदांना आणि ग्रामपंचायतींना विनंती आहे की पुढचं पावतीपुस्तक छापाल तेव्हा त्यात विक्रेत्याच्या नावासाठी एक ओळ ठेवा.